चाळणीतला चंद्र आणि न सांगितलेला विनोद

इंदूर म्हटले की आपल्याकडच्या मराठी माणसाला आधी होळकर आठवतात आणि मग खाणे. त्यात साहित्याची आवड असलेला कुणी असला तर तो आणखी एक गोष्ट सांगेल. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ अशा तीन साली भरले. महाराष्ट्राबाहेरचे मराठी काय असते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी इंदूर, बडोदे आणि आपला गोवा पाहावा. तिन्ही ठिकाणी मराठी माणूस दुसऱ्या भाषेच्या शेजारी राहतो, त्यामुळे स्वतःची संस्कृती तो जरा जास्तच जपतो. आणि जपणाऱ्याला 'हे आपले नव्हे' असे म्हणायची घाईही जरा जास्तच असते.

याच इंदुरात आग्रा-मुंबई रस्त्यावर पलासिया नावाचा भाग आहे. एक जुनी पलासिया, एक नवी. नव्या पलासियात 'छप्पन दुकान' ही प्रसिद्ध खाऊगल्ली आहे. माझे काही नातेवाईक इंदुरात असल्यामुळे या गल्लीशी माझी ओळख आहे, आणि तिच्याविषयी लिहायचे तर कचोरीविषयीच लिहावे असे कुणालाही वाटेल. पण आज विषय वेगळा आहे. २०२१ या एकाच वर्षी मध्य प्रदेशात दोन घटना घडल्या. एक या गल्लीतच घडली, दुसरी राज्याच्या राजधानीतून. वर्तमानपत्रांनी त्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या. मला मात्र त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू वाटतात, आणि त्या गोष्टीची सुरुवात २०२१ मध्ये नव्हे, शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत झाली असेही वाटते. कसे, ते सांगतो.

पहिली घटना १ जानेवारीची. छप्पन दुकान भागातल्या मन्रो कॅफेत मुनव्वर फारुकी या तरुण विनोदवीराचा कार्यक्रम होता. एका हिंदुत्ववादी संघटनेचे कार्यकर्ते तिथे पोहोचले, त्यांचा म्होरक्या स्थानिक आमदारबाईंचा मुलगा. हिंदू देवदेवतांची आणि केंद्रीय गृहमंत्र्यांची टिंगल केल्याची तक्रार झाली आणि तुकोगंज पोलिसांनी मुनव्वरला व त्याच्या सोबतच्या काही तरुणांना अटक केली. त्या दिवशी त्याने देवांविषयी काही बोलल्याचे चित्रण आपल्याकडे नाही, असे पोलिसांनीच त्या दिवसांत वार्ताहरांना सांगितले होते. पण जुने विनोद आंतरजालावर होतेच. २८ जानेवारीला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जामीन नाकारला. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. रोहिंटन नरिमन आणि न्या. भूषण गवई यांनी तो दिला. जो विनोद त्या संध्याकाळी सांगितलाच गेला नव्हता, त्यापायी एक माणूस महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा आपल्या गोव्यातला कार्यक्रमही धमक्यांमुळे रद्द झाला, तेव्हा हे सगळे विंध्याचलापलीकडचे आहे असे समजून आपण हात झटकू शकत नाही.

दुसरी घटना ऑक्टोबरची. करवा चौथ हा उत्तरेकडच्या सुवासिनींचा उपास. आपल्या वटपौर्णिमेचा चुलत भाऊच म्हणा. दिवसभर पाणीही प्यायचे नाही, रात्री चाळणीतून आधी चंद्र पाहायचा, मग नवऱ्याचे तोंड पाहायचे आणि उपास सोडायचा. हिंदी सिनेमाने हा विधी मडगावपासून मालवणपर्यंत सर्वांना पाठ करून दिला आहे. डाबर कंपनीने आपल्या 'फेम' ब्लीचसाठी एक जाहिरात केली. दोन तरुणी पहिल्या करवा चौथीची तयारी करताहेत. घरातली वडीलधारी बाई दोघींना नेसायला नवे कपडे देते. रात्री गच्चीवर दोघी चाळणी धरतात, आणि चाळणीपलीकडे नवरा नसतो. त्या एकमेकींसमोर उभ्या असतात. एवढेच.

मध्य प्रदेशचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी २५ ऑक्टोबरला जाहीर केले की जाहिरात मागे घेतली नाही तर कायदेशीर कारवाई होईल. आज दोन बायका चाळणीतून पाहताना दाखवतात, उद्या दोन पुरुष सप्तपदी करताना दाखवतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कंपनीने त्याच दिवशी जाहिरात मागे घेतली आणि भावना दुखावल्याबद्दल बिनशर्त माफी मागितली. आठवडाभराने त्याच मंत्र्यांनी सब्यसाची या वेशकाराच्या मंगळसूत्राच्या जाहिरातीला चोवीस तासांची मुदत दिली, तीही लगेच निघाली.

आता दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ६ सप्टेंबर २०१८ रोजी ठरवले होते. म्हणजे त्या दोन तरुणींनी कायद्याचा काहीही भंग केला नव्हता. त्या पाच न्यायमूर्तींमध्ये नरिमन होते, म्हणजे इंदूरच्या विनोदवीराला जामीन देणारेच. त्यांच्यातलेच दुसरे न्या. धनंजय चंद्रचूड. जाहिरात निघाल्यावर पाचच दिवसांनी, वाराणसीतल्या एका कार्यक्रमात, लोकांच्या असहिष्णुतेमुळे ही जाहिरात काढावी लागली याचा त्यांनी जाहीर उल्लेख केला. न्यायमूर्तींनी निकाल दिला होता, पण कंपनीने मात्र मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेपुढे माघार घेतली.

समलिंगी माणसांच्या हक्कांना विरोध कुणाचा, हा प्रश्न विचारला की आपण चटकन 'धर्माचा' असे उत्तर देतो. त्यात तथ्य आहेच. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ सौम्य केले तेव्हा सर्वोच्च न्यायालयात कोण कोण धावले ते पाहण्यासारखे आहे. सुरेशकुमार कौशल नावाचे ज्योतिषी, ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, चर्चच्या काही संघटना आणि बाबा रामदेवांचे प्रवक्ते. एरवी ज्यांना एका मांडवात जेवायला बसवणे ब्रह्मदेवालाही जमले नसते, त्यांना या एका कलमाने एका पंगतीला बसवले. ११ डिसेंबर २०१३ रोजी त्यांना हवा तसा निकालही मिळाला. रामदेवबाबांनी त्या सुमारास समलैंगिकता ही वाईट सवय असून योगाने ती बरी करता येईल असे सांगितले. आणि रामदेवबाबा म्हणजे नुसते योगगुरू नव्हेत. त्यांच्या नावावर उभ्या असलेल्या पतंजली समूहाने २०१९ साली इंदूरचीच 'रुची सोया' ही मोठी खाद्यतेल कंपनी विकत घेतली. धर्म आणि व्यापार यांची पेढी अशी एकाच गादीवर बसलेली असते.

तरीही मला वाटते की उघड विरोध करणारा व्यापारी त्यातल्या त्यात परवडला. त्याच्याशी वाद घालता येतो, त्याच्यावर विनोद करता येतो. अवघड असतो तो दुसरा. त्याचा कशालाच विरोध नसतो. २०१८ च्या निकालानंतर कितीतरी कंपन्यांनी आपल्या बोधचिन्हांना इंद्रधनुष्याचे रंग दिले होते. त्यांच्या कचेरीत अशा माणसांना नोकऱ्याही मिळाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पहिली तक्रार आली की तेच लोक पाटी उतरवतात आणि उतरवताना माफी मागतात. ती माफी कुणाची? भावना दुखावलेल्यांची. गच्चीवरच्या त्या दोघींची माफी कुणीच मागितली नाही. त्यांच्यासारख्या ज्या खऱ्या मुली घरोघरी ती जाहिरात पाहत होत्या, त्यांना त्या दिवशी कळले की आपले दिसणे हेच माफी मागण्याजोगे काम आहे. माझ्या मते कायद्याच्या शिक्षेपेक्षा हे जास्त खोल जाते.

आता तुम्ही म्हणाल, जाहिरात होती ब्लीचची. कातडी उजळ करायचे रसायन विकण्यासाठी दोन प्रेमिकांना उभे केले, त्यात कसली आली क्रांती? हा आक्षेप तेव्हा समलिंगी चळवळीतल्या आणि स्त्रीवादी लोकांनीही घेतला होता आणि तो बरोबर आहे. नवऱ्याच्या आयुष्यासाठीचा उपास आणि गोरेपणाचा सोस, दोन्ही तसेच ठेवून नुसते एक पात्र बदलले होते. पण आक्षेप घेणे वेगळे आणि दिसेनासे करणे वेगळे. टीका ऐकायलाही ती वस्तू समोर असावी लागते.

दोन्ही वेळा कारण सांगितले गेले ते परंपरेचे. म्हणून ही परंपरा जरा तपासू या. कलम ३७७ हे १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेतले. गोव्यात ते मुक्तीनंतर भारतीय कायद्यांबरोबर आले, पण त्याआधी आपल्याकडे इन्क्विझिशन होते, आणि त्या धर्मन्यायालयाच्या पापांच्या यादीत हेही पाप होते. म्हणजे इंग्रजांचे राज्य असो की पोर्तुगीजांचे, शिक्षा बाहेरून आली. धर्मभावना दुखावण्याचे कलम २९५-अ हे १९२७ सालचे. तेही इंग्रज सरकारनेच आणले.

आणि आपल्या देवळाच्या अंगणात काय चालत होते? तमाशातली गवळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण अडवतो आणि त्यांची मावशी, म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष, साक्षात देवाची यथेच्छ टर उडवते. दशावतारात संकासुर येतो आणि हशा पिकवतो. पेडणे, सावंतवाडीकडे ज्यांनी रात्र जागवली आहे त्यांना सांगायला नको की दशावतारातली राणी ही सकाळी शेतावर जाणारा बाप्या असतो आणि तिच्या पायावर डोके ठेवणाऱ्या बायका त्याच गावातल्या असतात. एकनाथांच्या भारुडांनी देवाचेच नाव घेऊन ढोंगावर कोरडे ओढले. बालगंधर्वांच्या शालूंची तर बायका नक्कल करत. देवाची थट्टा आणि पुरुषाचे स्त्रीरूप या दोन्ही गोष्टी आपल्या रंगभूमीला नव्या नाहीत. त्यासाठी कुणी पोलीस ठाण्यात गेल्याचे ऐकिवात नाही.

इथवर आले की आपल्यासारख्यांना आनंद होतो. आपली संस्कृती किती उदार, असे म्हणून लेख संपवायचा मोह होतो. पण खरे सांगायचे तर ते औदार्य पडदा पडेपर्यंतचेच होते. रंग उतरवलेला तोच माणूस चालण्याबोलण्यात जरा नाजूक असला तर त्याला 'बायल्या' म्हणणारेही आम्हीच. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीवर २०१० साली चित्रपट आला तेव्हा नाच्या झालेल्या गुणाची शोकांतिका पाहून थिएटरात लोक रडले, आणि नाटकांतले, मालिकांतले तसले पात्र दिसताच हसणारेही तेच प्रेक्षक. विजय तेंडुलकरांनी १९८१ साली 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणली. रोहिणी हट्टंगडींनी साकारलेली सुमित्रा एका मुलीवर प्रेम करते, आणि नाटकात तिला जगायला जागा उरत नाही. ते नाटक तेव्हा फार चालले नाही. आपल्या विनोदालाही म्हणजे दोन तोंडे आहेत. एक वर पाहून देवाची आणि सत्तेची थट्टा करते, दुसरे खाली पाहून दुबळ्याची. पहिल्या तोंडावर आता खटले होतात, दुसरे मात्र सुखात आहे.

डाबरच्या जाहिरातीचा खरा अपराध मला इथे सापडतो. तिने ही गोष्ट रंगमंचावरून उचलून गच्चीवर आणली. घरात, सणाच्या दिवशी, मोठ्या बाईच्या आशीर्वादाने. रात्रीपुरते जे चालत होते ते सकाळीही चालावे असे ती म्हणत होती. एवढे मोठे मागणे मागायला मात्र तेवढ्याच हिमतीचा माणूस मागे लागतो, आणि इथे मागे होता एक विक्री विभाग.

हिमतीचा माणूस कसा असतो हे मराठीत आपल्याला शोधावे लागत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचे. तो प्रचार किंवा ती नोकरी, असा प्रश्न पुढे आला आणि १९२५ साली कर्व्यांनी राजीनामा दिला. आजच्या भाषेत सांगायचे तर संस्थेने आपली प्रतिमा सांभाळली आणि कर्मचारी गेला. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. धर्मभावनांचे कलम ज्या वर्षी आले त्याच वर्षी, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. त्या मासिकात शास्त्र होते तसा उपहासही होता. 'शारदेची पत्रे' या सदरात कर्वे एका बाईच्या नावाने सनातन्यांच्या टोप्या उडवत.

आणि वाचकांची पत्रे होती. जी गोष्ट वैद्याला विचारायची लाज, ती लोक या मासिकाला विचारत आणि कर्वे उत्तर देत. १९३१ साली पुण्याच्या सनातन्यांच्या तक्रारीवरून पहिला खटला झाला, शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली दुसरा. या वेळी प्रश्न होता तो अशाच पत्रोत्तरांचा, आणि त्यांत हस्तमैथुनाबरोबर समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे अश्लील झाले असे नाही, अज्ञान घालवायला ज्ञानच लागते, हा त्यांचा मुद्दा होता आणि त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांचा आधार घेतला. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार एवढे सगळे मागे असलेला नेता या 'घाणेरड्या' खटल्यात उभा राहिला. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांनी मासिक बंद केले नाही. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून ते चालवले.

एका बाजूला हजारो कोटींची उलाढाल असलेली कंपनी एका दिवसात माघार घेते. दुसऱ्या बाजूला नोकरी गेलेला गणिताचा मास्तर सव्वीस वर्षे हटत नाही. याचे कारण स्वभावात शोधायचे कारण नाही. कंपनी त्या विषयाकडे बाजार म्हणून आली होती, बाजार डळमळला की ती जाणार. कर्व्यांनी स्वतःचा पगार आधीच त्यावर लावून टाकला होता, त्यांच्यापाशी काढून घेण्यासारखे काही उरलेच नव्हते.

गोव्यापुरते पाहिले तरी हेच दिसते. १९८९ साली डॉमनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्ही असल्याचे कळताच पोलिसांनी उचलले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात चौसष्ट दिवस कोंडून ठेवले. त्याची आई ल्युसी न्यायालयात गेली. वकील होते आनंद ग्रोवर. पुढे हेच ग्रोवर दिल्ली उच्च न्यायालयात कलम ३७७ विरुद्ध उभे राहिले. डॉमनिकच्या कहाणीवर बेतलेल्या 'माय ब्रदर निखिल' या २००५ सालच्या चित्रपटाने समलिंगी नायकाला गोव्याच्या घरात, आईबापांत, बहिणीत आणून बसवले. आणि कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स. कायदा गुन्हेगार ठरवत होता त्या काळात, २००२ साली, त्यांनी आपल्या फ्रेंच जोडीदाराबरोबर फ्रेंच कायद्याप्रमाणे सहजीवनाचा करार गोव्यातच केला, आणि २०२० साली मृत्यू येईपर्यंत आपल्या गावात मान वर करून राहिले. यात कुणाचे बोधचिन्ह नव्हते. एक आई होती, एक वकील होता, एक जोडपे होते.

ती जाहिरात निघाली त्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर तिच्यावरचे विनोद फिरत होते. चाळणीवरचे, चंद्रावरचे, दोघींपैकी नवरा कोण यावरचे. इंदूरकडचा आमचा एक भाचा, तिशीतला, अविवाहित, एरवी सणाला हटकून शुभेच्छा पाठवणारा, त्या दिवशी गट सोडून गेला. कुणी कारण विचारले नाही. त्याच्या आईने 'फोन बदलला असेल' म्हटले आणि विषय संपला. त्याचे कारण काय होते हे मी माझ्या अंदाजाने इथे लिहिणे योग्य नव्हे. पण सण आले की त्याच्या शुभेच्छांची जागा रिकामी दिसते, एवढे खरे.

पुढचा इतिहास थोडक्यात. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्यायसंहिता आली. तिच्यात ३७७ ला जागा नाही. २९५-अ मात्र २९९ हा नवा क्रमांक घेऊन शाबूत आहे. म्हणजे त्या दोघी आता गुन्हेगार नाहीत, पण त्यांच्याविषयी काही दाखवले किंवा बोलले गेले तर कुणाच्या तरी भावना दुखावण्याची सोय कायद्याने राखून ठेवली आहे. न्यायालये आपल्या गतीने काम करतील, कंपन्या बाजार पाहून येतील आणि जातील. घरातल्या गटावर पुढचा विनोद येईल तेव्हा तो कुणावर आहे एवढे विचारायला मात्र कोणत्याही कलमाची परवानगी लागत नाही. ते काम आपले आहे, आणि त्यात दोनशे रुपये दंडही नाही.